माळावरची दुसरी बॅटरी

अंथुर्णे हे बारामती–इंदापूर रस्त्यावरचं गाव, दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथवर पोचतं तिथवर ऊस, मका, गोठे आणि दूध संकलन केंद्रं. कालवा मागे टाकून कळस-कडबनवाडीच्या अंगाला गेलं की बागायत संपते आणि माळ लागतो. मुरूम, कुसळी गवत, बोरी-बाभळी, ओढ्यात वाळू. तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे, आणि पावसाळ्यात घरी परतलेले मेंढपाळांचे वाडे आहेत. मी जनावरांचा डॉक्टर. माझं निम्मं काम कालव्याखाली आणि निम्मं माळावर चालतं, त्यामुळे गाडी फोर बाय फोरच लागते. माझ्याकडे आहे ती पहिल्या पिढीची थार, मागे समोरासमोर बाकं असलेली. पाऊस पडल्यावर काळ्या रानातला चिखल आणि माळावरचे ओढे दोन्ही ती पार करते. तिची अडचण रस्त्याची नव्हती, थंडाव्याची होती.

जनावरांच्या लसी बहुतेक सगळ्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत, मेंढ्यांचा आंत्रविषार, पीपीआर, नाव कुठलंही घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये, यातल्या बऱ्याच लसी द्याव्या लागतात आणि नेमका तेव्हाच इथला पारा चाळिशी ओलांडतो. लस उन्हात तापली तर ती दिसायला तशीच दिसते. सुई टोचली जाते, मेंढपाळ निर्धास्त होतो, आणि पहिल्या पावसानंतर कोवळं गवत खाऊन मेंढरं आंत्रविषाराने पटापट पडायला लागतात. त्यात माणसाचं वर्षाचं उत्पन्न जातं. लस खराब होती हे तेव्हा कुणाला कळतही नाही.

थर्मासमध्ये बर्फाचे पॅक टाकून आम्ही सगळेच वर्षानुवर्षं काम करत आलो. सकाळी निघून दुपारी परत यायचं असेल तर ते पुरतं. पण माळावर वाडा आज इथे तर उद्या दोन ओढे पलीकडे. पोचेपर्यंत मेंढरं चरायला गेलेली असतात, ती संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, येणार आणि तेव्हा कुठे टोचणी होणार. तोवर बर्फाचं पाणी झालेलं असतं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस द्यायची होती. ती जिवंत विषाणूची, पुडीसारख्या कोरड्या रूपात येणारी, एकदा द्रावणात मिसळली की थंड ठेवून काही तासांतच संपवायची. गोठ्यामागून गोठा, वस्तीमागून वस्ती करताना माझं अर्धं लक्ष जनावराकडे आणि अर्धं थर्मासकडे असायचं. बर्फ भरून घ्यायला परत अंथुर्ण्यात यायचं, तर गावात लाइट गेलेली. त्या मोसमातच मी ठरवलं की गाडीत फ्रिज बसवायचा, खरा कॉम्प्रेसरवाला, बारा व्होल्टवर चालणारा.

फ्रिज घेणं सोपं होतं. त्याला रात्रभर वीज कुठून द्यायची, हा खरा प्रश्न. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात, कारण इंजिन फिरवायला काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे असतात. तेवढं झालं की अल्टरनेटर तिला लगेच भरून काढतो. तिच्यातून तासन्‌तास थोडी थोडी वीज काढत राहिलं आणि ती वरचेवर खाली बसू दिली, तर त्या पातळ प्लेटा लवकर खराब होतात. आणि त्याआधीच एखाद्या सकाळी माळावर सेल्फ नुसता टक टक करतो. तिथे धक्का मारायला माणसं नसतात. फ्रिज चालला आणि गाडी अडली, तर लस काय कामाची?

दुसरी बॅटरी ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर रात्रभर गाणी वाजतात, त्यातल्या कित्येकांवर टेपसाठी जास्तीची बॅटरी असते. दिंड्यांच्या ट्रकवर भजनाच्या माइकसाठी इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी असते. मी त्यातल्या बऱ्याच जोडण्या नीट पाहिल्या. बहुतेक ठिकाणी प्लसला प्लस आणि मायनसला मायनस थेट जोडलेलं. असं केलं की नावाला बॅटऱ्या दोन, पण वीज एकच. रात्री टेप वाजला की दोन्ही एकदम उतरतात आणि पहाटे दोन्ही एकदम बसलेल्या सापडतात. शिवाय त्यांतली एक जुनी, कमकुवत झालेली असेल तर ती चांगलीलाही खाली ओढते. ट्रॅक्टर उतारावर लावून चालू करता येतो, म्हणून त्यांचं भागतं.

माझं ज्यांनी काम केलं ते वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. जंक्शन नावाच्या गावापलीकडे घराच्या पडवीत त्यांचं दुकान. ज्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार झाले तिथे आयुष्य काढल्यामुळे मामांना ‘चालतंय की’ हे उत्तर सहन होत नाही. मी फ्रिजचा विषय काढला तेव्हा त्यांनी बॅटरीचं नावही घेतलं नाही. त्यांनी विचारलं, “डॉक्टर, फ्रिज दिवसाला किती खातो? आधी ते सांगा, मग बोलू.”

म्हणून फ्रिज आधी घरीच अंगणात, उन्हात, जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवून मोजला. कॉम्प्रेसर चालू असताना साधारण चार अँपिअर ओढत होता. मे महिन्याच्या उन्हात तो निम्मा वेळ चालू राहायचा, निम्मा बंद. म्हणजे तासाला सरासरी दोन अँपिअर, चोवीस तासांत अठ्ठेचाळीसच्या आसपास. पन्नास अँपिअर-अवर धरू. हा आकडा हातात आला आणि पुढचं सगळं त्याच्याभोवती ठरत गेलं.

शिशाची बॅटरी घेतली तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर ती लवकर मरते. आराम दिलेल्या शिशाच्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि ११.८ च्या खाली गेली की संपली. एका दिवसाच्या फ्रिजला शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी लागणार, वजनाला तीस किलोच्या आसपास. गास्तोन प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शोधलेली ही बॅटरी आजही जगभर गाड्या चालू करते आणि त्या कामाला ती उत्तमच आहे. पण माझ्या कामाला लिथियम आयर्न फॉस्फेट बरी पडणार होती. शंभर अँपिअर-अवरमधले ऐंशी बिनघोर वापरता येतात, वजन निम्म्याहून कमी, आणि लिथियमच्या प्रकारांमध्ये ती तापून पेट घेण्याची भीती कमी. या रसायनाचा मूळ शोधनिबंध १९९७ मधला, टेक्सासमधल्या गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला, आणि त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावं आहेत. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम थांबवून ती नावं पुन्हा एकदा विचारून घेतली.

आता या दोन बॅटऱ्या जोडायच्या पण एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या. याची साधी रीत म्हणजे व्होल्टेज ओळखणारा रिले. इंजिन चालू झालं, पहिल्या बॅटरीवर १३.३ च्या आसपास व्होल्ट आले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद झालं, व्होल्ट १२.८ पर्यंत उतरले की तोडतो. कालव्याच्या दारासारखंच हे काम: आधी वरच्याचं भिजायचं, मग खालच्याला पाणी. ऑस्ट्रेलियात ओसाड मुलुखात फिरणाऱ्या गाड्यांवर ही पद्धत फार वर्षांपासून आहे, आणि दोन्ही बॅटऱ्या शिशाच्या असतील तर ती स्वस्त आणि भरवशाची आहे. पण लिथियमची बॅटरी आराम करतानाही तेरा व्होल्टच्या वर असते. रिलेला वाटतं इंजिन चालूच आहे, आणि तो सुटतच नाही. शिवाय ती उतरलेली असताना अल्टरनेटरकडून वाटेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. म्हणून आम्ही डीसी टू डीसी चार्जर लावला, वीस अँपिअरचा. तो पहिल्या बॅटरीकडून वीज घेतो, तिला लिथियमला हव्या त्या व्होल्टवर आणतो आणि मोजून तेवढीच पुढे सोडतो. इग्निशनची एक बारीक तार त्याला दिली आहे. चावी बंद की चार्जर बंद, आणि गाडीच्या बॅटरीशी फ्रिजचा संबंध संपला. बीएस सिक्सच्या पुष्कळ नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मधेच व्होल्ट उतरवतो. त्यांच्यावर साधा रिले नीट चालत नाही, तिथेही असाच चार्जर लागतो.

मामांनी सगळ्यात जास्त वेळ घातला तो तारेवर. बॅटरी मागच्या बाकाखाली ठेवायची ठरली, कारण बॉनेटखालची उष्णता लिथियमला मानवत नाही. बॉनेटपासून तिथवर तार नेली तर पाच मीटर जायला आणि पाच यायला, कारण मामांनी मायनससाठी चेसीचं अर्थिंग न वापरता वेगळी तार ओढली. त्यांनी पाटीवर खडूने हिशेब मांडला. घरात वापरतो ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर पंचवीस अँपिअरला दहा मीटरमध्ये जवळजवळ पावणेदोन-दोन व्होल्ट तारेतच जातात. अल्टरनेटरपासून सव्वाचौदा निघालेले व्होल्ट मागे पोचेपर्यंत साडेबाराच्याही खाली येतात, आणि गेलेल्या विजेने तार तापते ते वेगळंच. सोळा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर नुकसान पाव व्होल्टच्या थोडंसं वर. बाजारात ‘जाड तार’ म्हणून जी मिळते तिच्यात कधी कधी नुसतं प्लास्टिकच जाड असतं. मामांनी दुकानात तार सोलायला लावली आणि आतलं तांबं बघूनच घेतली.

थिंबल बसवण्याचं काम मी जवळ बसून पाहिलं. तार सोलताना त्यांनी एकही धागा तुटू दिला नाही. सगळे धागे पिळून थिंबलमध्ये पार तळापर्यंत घातले, हायड्रॉलिक दाबयंत्रात षटकोनी दाब दिला, मग दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढून पाहिलं. वर काळी स्लीव्ह चढवून हीट गनने आवळली. डाख दिला नाही. मी का म्हणून विचारलं. “गाडी हलते, डॉक्टर. डाख दिलेली तार कडक होते आणि नेमकी डाखाच्या कडेला तुटते.” प्लसच्या तारेला दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, फ्यूज घातले. दोन का? तर या तारेला दोन्हीकडून वीज आहे. मधे कुठे पत्र्याला घासून तार उघडी पडली तर एका टोकाचा फ्यूज उडूनही दुसऱ्या बॅटरीकडून आग लागू शकते. पत्र्यातून तार जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, वर लवचीक नळी, आणि दर वीतभरावर पट्टा. बॅटरीला चार कोपऱ्यांत लोखंडी अँगल आणि वरून पट्टी. माळावर गाडी आडवी-तिडवी उडते. अचानक सुटू शकणारी दहा-बारा किलोची वस्तू आपल्या पाठीमागे ठेवणं योग्य नाही.

सगळं जुळलं आणि फ्रिज चालू झाला. त्यानंतर जे लक्षात आलं ते मात्र मला कुठल्या माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं, आणि आमच्या भागात गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने ते आधी समजून घ्यावं असं मला वाटतं. दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही. ती गाडी चालते तेवढीच भरते. लांबच्या सफरीला जाणारे लोक दिवसात सहा-आठ तास गाडी चालवतात, त्यांचा चार्जर दिवसाला शंभराच्या वर अँपिअर-अवर भरू शकतो. माझं काम तसं नाही. अंथुर्ण्याहून शेळगाव, तिथून एक वस्ती, मग लासुर्णे, बेलवाडी; प्रत्येक टप्पा दहा-पंधरा मिनिटांचा, आणि मधे गाडी तासतासभर उभी. दिवसाचं चालणं मिळून तास-सव्वा तास. म्हणजे चार्जरकडून पंचवीसच्या आसपास अँपिअर-अवर मिळाले आणि फ्रिजने पन्नास खाल्ले. रोजची पंचवीसच्या आसपास तूट. बॅटरीवर लावलेल्या शंट मीटरवर टक्के रोज थोडे थोडे उतरताना दिसायचे. शनिवारच्या आत कधीतरी ती तळाला जाणार हे मंगळवारीच कळत होतं.

मोठी बॅटरी घेऊन हे सुटत नाही. मोठी बॅटरी फक्त दोन दिवस उशिरा संपते. इंजिन उभ्या गाडीत नुसतं चालू ठेवणं म्हणजे डिझेल जाळून फ्रिज चालवणं. आम्ही टपावर शंभर वॅटचं सोलर पॅनेल बसवलं, त्याचा वेगळा कंट्रोलर. इथल्या उन्हात ते दिवसाला तीस अँपिअर-अवरच्या आसपास देतं, आणि तूट भरून निघाली. ज्या उन्हामुळे फ्रिज जास्त वीज खातो तेच ऊन पॅनेलला जास्त वीज देतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात हिशेब सगळ्यात चांगला जुळतो. पावसाळ्यात आभाळ असलं की पॅनेल मंदावतं, पण हवा थंड झाल्याने फ्रिजही कमी चालतो. कठीण जातात ते ऑक्टोबरचे दिवस, ढग आणि उकाडा दोन्ही असतात तेव्हा. त्या दिवसांत मी बारामतीला औषधं आणायला जातो तेव्हा जाण्या-येण्यातच बॅटरी बरीचशी भरून घेतो.

आणखी एक गोष्ट लसीच्या बाजूची. फ्रिज मिळाला म्हणून तो जोरात चालवायचा नसतो. लाळ-खुरकूत किंवा घटसर्पाची लस एकदा गोठली की वितळूनही कामाची राहत नाही. गाडीचे फ्रिज शून्याच्या खालीही जाऊ शकतात. म्हणून आकडा पाच अंशावर ठेवला आहे, लसीच्या खोक्यात वेगळा थर्मामीटर ठेवला आहे आणि बाटल्या फ्रिजच्या भिंतीला टेकू नयेत म्हणून मधे जाळी. फ्रिजला स्वतःचा लो-व्होल्टेज कटऑफ असतो, तो लावून ठेवला आहे; पण मी त्याच्या भरवशावर नाही, रोज संध्याकाळी मीटरचे टक्के वहीत लिहितो. खुराक लिहावा तसे.

आषाढात तुकोबांची पालखी येते तेव्हा या जोडणीचा पुरा कस लागतो. बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि अंथुर्ण्यात मुक्काम असतो. त्या दिवशी रस्ता वाहनांना बंद असतो, गाडी एका जागी लावली की ती दुसऱ्या दिवशी पालखी निमगाव केतकीकडे निघेपर्यंत हलत नाही. दिंड्यांच्या बैलांचे खुर दुखावतात, खांद्याला जू लागून सूज येते, कुणाचा बैल खात नाही म्हणून कुणी माणूस रात्री दोनला उठवायला येतो. गावातल्या विजेवर त्या रात्री इतका भार असतो की व्होल्ट राहत नाहीत. मी मागच्या दारात एक एलईडी पट्टी लावली आहे, तीही दुसऱ्याच बॅटरीवर. तिच्या उजेडात बैलाचा खूर धरून खडा काढता येतो. फ्रिजमध्ये लसी आणि थंड ठेवायची इंजेक्शनं, आणि मधेच वारकऱ्यांचे मोबाइल चार्जिंगला. मोबाइल फार वीज खात नाहीत, म्हणून ते मी नाकारत नाही. “माउली, एवढं लावा की,” म्हणत दहा-दहा मोबाइल येतात, आणि चार्जिंग होईस्तोवर त्यांच्या गावाकडच्या जनावरांच्या तक्रारीही ऐकून होतात. गेल्या आषाढात पालखी पुढे गेल्यावर मीटरवर बॅटरी निम्म्याच्या जवळ होती आणि गाडीची बॅटरी १२.६ वर, कारण तिला रात्रभर कुणी हातच लावला नव्हता.

आता शेजारच्या गावांतले कृत्रिम रेतन करणारे दोन तरुण विचारायला आले. त्यांच्या रेतमात्रा द्रव नायट्रोजनच्या टाकीत असतात, तिला वीज लागत नाही. त्यांना लस आणि हार्मोनच्या बाटल्यांसाठी लहान फ्रिज हवा आहे आणि गाडी आहे पिकअप. त्यांना मी मामांकडे पाठवलं. मामांनी त्यांना बॅटरी घेऊ दिली नाही. हातात मीटर दिला आणि सांगितलं, आठवडाभर गाडी दिवसाला किती वेळ चालते ते लिहून आणा, मग तार किती जाडीची ते सांगतो.

माझ्या गाडीचं पुढचं काम ठरलेलं आहे. कडबनवाडीच्या मुरमावर गाडी हादरून टर्मिनलचे नट सैल होतात, आणि सैल नट तापतो. लाळ-खुरकुतीच्या पुढच्या फेरीआधी बाकं उचलून प्रत्येक नट पान्याने आवळायचा आहे, फ्यूजच्या खोबणीतली धूळ ब्रशने काढायची आहे, आणि मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याजवळ नळी थोडी घासलेली दिसते, तिथे नवा ग्रोमेट घालायचा आहे. रविवारी सकाळी यायला मामांनी सांगितलंय.